नवी कोरी जुनी गाडी

जुन्या इंग्रजी मोटारींच्या विक्रीच्या जाहिराती वाचायचा मला एक निरुपद्रवी नाद आहे. निरुपद्रवी अशासाठी म्हणतो, की सरकारी कारकुनाच्या पगारात त्यांतली एकही गाडी येणार नाही, त्यामुळे घरात कोणी काळजी करत नाही! रात्री जेवण झालं, की अर्धा तास हा कार्यक्रम चालतो. दोन माणसांची, उघड्या टपाची, गडद हिरव्या रंगाची गाडी. तारांच्या आऱ्यांची चाकं, चामड्याच्या बैठका, लाकडी स्टिअरिंग. आणि खाली हमखास एक ओळ : ‘नुकतीच संपूर्णपणे पूर्वस्थितीत आणलेली.’

एका रात्री अशाच एका ओळीपाशी अडलो. गाडी एमजीबी, वर्ष १९६७. इंजिन नव्याने बांधलेलं, बॉडी नवी, रंग नवा, बैठका नव्या, वायरिंग नवं, टपाचं कापडही नवं. मनात आलं, मग १९६७ सालचं यात राहिलं काय? आणि विकणारा नेमकं विकतोय काय?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. याच प्रश्नावर १९९० साली लंडनच्या हायकोर्टात खटला उभा राहिला होता आणि पणाला लागले होते एक कोटी पौंड. पण त्या गोष्टीकडे वळण्याआधी ही ‘पूर्वस्थिती’ म्हणजे काय प्रकार असतो ते पाहू.

एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात तयार झाली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. शाळामास्तर, नर्स, नुकती नोकरी लागलेला पोरगा असे लोक ती घेत. तिला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. आणि इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ, पाणी आणि पोलाद एकत्र आले की काय होतं, ते आम्हा किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कुणी सांगायला नको. दारांच्या खाली जे पत्र्याचे पोकळ पट्टे असतात, तिथे गंज आतून धरतो. वरून रंग छान चकाकत असतो आणि आत गाडीचा कणा झिजत असतो. काही मेस्त्री त्यावर पुट्टी थापून रंग मारून मोकळे होतात. प्रामाणिक मेस्त्री मात्र सडलेला पत्रा कापून काढतो आणि नवा जोडतो.

पण कापून काढायचं तरी किती? १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळचे साचे वापरून एमजीबीच्या नव्या कोऱ्या बॉड्या बाजारात आणल्या. कारखाना १९८० साली बंद पडला आणि आठ वर्षांनी त्याच गाडीची बॉडी पुन्हा विकत मिळू लागली! शेकडो मालकांनी आपली सडलेली गाडी उघडून तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, दिवे, मीटर या नव्या बॉडीत बसवले. गाडी तीच का?

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यापुढेही हा प्रश्न आलाच. तिथल्या कारकुनांनी (आमचेच भाऊबंद!) यावर तोडगा म्हणून चक्क गुणपत्रिका काढली, आणि ती अनेक वर्षं वापरात होती. चॅसिस किंवा बॉडी मूळची, नाहीतर त्याच नमुन्याची नवी असेल तर ५ गुण. सस्पेन्शन २, ॲक्सल २, गिअरबॉक्स २, स्टिअरिंग २, आणि इंजिन १. निदान ८ गुण मिळाले तर गाडीचा जुना नंबर कायम. गंमत बघा, ज्याला आपण गाडीचं काळीज समजतो त्या इंजिनाला सगळ्यात कमी गुण! कारण इंजिन बदलणं ही रोजचीच बाब, सांगाडा बदलणं नव्हे.

रस्त्यावर नंबर लावण्यापुरतं हे ठीक आहे. पण गुणपत्रिकेने किंमत ठरत नाही, आणि इतिहास तर नाहीच नाही. आता त्या खटल्याकडे वळू.

बेंटली स्पीड सिक्स. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली कंपनी काढली, लंडनच्या क्रिकलवुड भागात. फ्रान्समध्ये ल मान्सला चोवीस तासांची शर्यत होते, ती बेंटलीच्या गाड्यांनी १९२४ साली आणि पुढे १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीने चार वेळा जिंकली. या विजयांमागे पैसा होता वुल्फ बार्नाटो यांचा. किम्बर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत गडगंज झालेल्या बार्नी बार्नाटोंचा हा मुलगा. पैसे घालून कंपनीचा अध्यक्ष झालाच, पण स्वतः शर्यतीतही उतरला. ल मान्सला तीनदा गेला आणि तिन्ही वेळा जिंकून आला.

त्यांतल्या दोन विजयांची मानकरी एकच गाडी. १९२९ साली बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती चालवली. त्या वर्षी पहिल्या चारही जागा बेंटलीने पटकावल्या आणि चौघींत पुढे ही होती. १९३० साली तीच गाडी, चालवणारे बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन, आणि पुन्हा पहिला नंबर. एकाच गाडीने ल मान्सची शर्यत दोनदा जिंकण्याचा हा पहिला प्रसंग. तिचं नाव पडलं ‘ओल्ड नंबर वन’.

पण शर्यतीची गाडी म्हणजे देवघरातली मूर्ती नव्हे. दर शर्यतीनंतर ती खोलली जायची, झिजलेले भाग फेकले जायचे, नवे बसायचे. १९३१ साली मंदीच्या तडाख्यात बेंटली कंपनीच बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. ओल्ड नंबर वन मात्र बार्नाटोंकडे राहिली आणि धावत राहिली. १९३२ साली तिला वेगळी चॅसिस मिळाली आणि साडेसहा लिटरच्या जागी आठ लिटरचं इंजिन बसलं.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरे परगण्यातल्या ब्रुकलँड्सच्या मैदानावर ५०० मैलांची शर्यत होती. ब्रुकलँड्सचा काँक्रीटचा रस्ता वळणांवर भिंतीसारखा उंच चढवलेला. गाडी चालवत होता क्लाइव्ह डन्फी. वळणावर गाडी वर वर सरकत गेली आणि कठड्यावरून पलीकडे कोसळली. क्लाइव्ह जागीच गेला. त्याचा भाऊ जॅक हा त्याच गाडीवरचा त्याचा जोडीदार, तो त्या दिवशी तिथेच होता.

मोडलेली गाडी बार्नाटोंनी भंगारात घातली नाही. तिच्यावर बंदिस्त टपाची बॉडी चढवून रस्त्यावर फिरवायची गाडी बनवली. पुढे मालक बदलत गेले आणि शेवटी ती हबर्ड नावाच्या गृहस्थांकडे आली.

१९८०च्या दशकाच्या शेवटी जुन्या मोटारींचे भाव आभाळाला भिडले होते. एप्रिल १९९० मध्ये हबर्ड यांनी मिडलब्रिज या कंपनीशी सौदा केला : एक कोटी पौंड. पण मग खरेदीदाराने पाय मागे घेतला. म्हणणं असं, की ही ल मान्स जिंकलेली गाडीच नव्हे! हबर्ड कोर्टात गेले.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे जाणकारांच्या साक्षी झाल्या. कोणता भाग कधीचा, याची अक्षरशः मोजदाद झाली. निष्कर्ष वाचून कुणाही खरेदीदाराच्या पोटात गोळा यावा असा होता. १९२९ साली जिंकलेल्या गाडीतलं, तारीख सांगता येणार नाही अशा किरकोळ वस्तू सोडल्या, तर काहीही उरलेलं नव्हतं. १९३०च्या गाडीतले राहिले होते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. बस्स! चॅसिस, ॲक्सल, आठ लिटरचं इंजिन हे बहुतेक सगळं १९३२चं, म्हणजे अपघाताच्या दिवशीचं.

आता सांगा, तुम्ही न्यायाधीश असता तर? तीन सुट्या भागांसाठी एक कोटी पौंड?

२७ जुलै १९९० रोजी निकाल लागला. न्यायमूर्तींनी आधी शब्द वेगळे केले. या गाडीला ‘मूळ’ म्हणता येणार नाही. मूळ म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच, आणि शर्यतीची गाडी तशी राहणं जवळपास अशक्य. पण ती ‘नक्कल’ही नाही, आणि मेलेली गाडी पुन्हा उभी केली असंही नाही. नवे भाग एकेक करून, सावकाश, चालत्या गाडीत मिसळत गेले. गाडीचं गाडीपण एकाही क्षणी तुटलं नाही. १९२९ पासून आजपर्यंत सलग इतिहास असलेली आणि ओल्ड नंबर वन या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नाही. म्हणून ही ‘अस्सल’ ओल्ड नंबर वन. आणि विक्रीला जे ठेवलं होतं ते नुसतं लोखंड नव्हतं, तिचा इतिहास आणि तिचा लौकिकही त्यात होता. हबर्ड जिंकले.

मला हा निकाल फार आवडतो, आणि त्याचं कारण कदाचित माझी नोकरी असेल. आमच्या कचेरीत जुन्या फायली आहेत. त्यांची कव्हरं कैक वेळा बदलली. वाळवी लागलेली पानं पुन्हा टाइप करून, ‘सत्यप्रत’ असा शेरा मारून, सही-शिक्क्यानिशी लावली गेली. मूळ कागद शोधायला गेलात तर मोजकेच हाती लागतील. तरीही फाईल तीच, कारण तिचा नंबर चालू आहे आणि प्रत्येक बदलाची नोंद तिच्या पोटातच आहे. याउलट, एकच पान कुणी गुपचूप बदललं, तर बाकीची शंभर पानं अस्सल असूनही ती फाईल खोटी.

गाड्यांच्या बाजारात असं गुपचूप पान बदलणं खूप चालतं. चुरा झालेल्या गाडीची नुसती नंबरची पट्टी घ्यायची आणि तिच्याभोवती अख्खी नवी गाडी बांधायची! कधी कधी एकाच नंबरावर दोन गाड्या हक्क सांगतात. तिथे सलगता नाही, मधली वर्षं रिकामी आहेत. गाडी सुंदर असेल, धावतही असेल, पण तिने काही पाहिलेलं नाही.

आणि कधी दुरुस्ती न करणं हीच खरी जपणूक ठरते. १९५५ साली ल मान्सला भीषण अपघात झाला, ८० हून जास्त माणसं गेली. त्यात सापडलेली एक ऑस्टिन-हिली १०० एस गाडी डिसेंबर २०११ मध्ये लिलावाला आली. तिची दुरुस्ती केलेली नव्हती. जुनाट, कळकट अवस्थेत ती ८ लाख ४३ हजार पौंडांना गेली. कुणी तिला चकचकीत रंग दिला असता, तर कदाचित त्या दिवसाचा साक्षीदारच पुसला गेला असता.

मग जाहिरातीतली ती हिरवी एमजीबी खोटी का? मुळीच नाही. ती काही साक्षीदार म्हणून विकायला ठेवलेली नाही, चालवायला ठेवलेली आहे. गंज काढून नवा पत्रा घालणं म्हणजे तिला आणखी चाळीस वर्षं आयुष्य देणं. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा देऊळ नवं झालं असं आपण म्हणत नाही. फक्त दगडावर कोरून ठेवतो, अमुक साली, अमुक जणांनी. तेवढी एक ओळ महत्त्वाची.

इंग्लंडात ही ओळ शोधायची सोयही आहे. गेडन इथल्या संग्रहालयात जुन्या कारखान्यांची दप्तरं जपून ठेवली आहेत. एमजी, ऑस्टिन-हिली अशा गाड्यांचा नंबर कळवला, की त्यावरून दाखला मिळतो : गाडी कोणत्या तारखेला तयार झाली, मूळ रंग कोणता, इंजिनाचा नंबर काय. साठ वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कुणा कारकुनाने वहीत टिपून ठेवलेले ते आकडे. त्याला काय कल्पना, की पुढे त्याच्या अक्षरावर लाखोंचे व्यवहार ठरतील!

ओल्ड नंबर वनसुद्धा मुख्यतः त्यामुळेच तरली. तीन जुने भाग तिला वाचवू शकले नसते. कुठला भाग कधी बदलला हे सांगता आलं, म्हणून ती वाचली. क्लाइव्ह डन्फी जिच्यात गेला ती हीच, हे ठामपणे सांगता येतं, कारण कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलं होतं.

तेव्हा मित्रहो, पुढेमागे तुमच्यापैकी कुणाचं नशीब फळफळलं आणि अशी एखादी नवी कोरी जुनी गाडी घ्यायला गेलात, तर माझी एक सूचना लक्षात ठेवा. बॉनेट नंतर उघडा. आधी गाडीची फाईल मागा. सडलेल्या पत्र्याचे, कापाकापीचे फोटो, जुन्या पावत्या, बदललेल्या भागांची यादी असं सगळं मालकाने न लपवता पुढे ठेवलं, तर ती गाडी अस्सल समजायला हरकत नाही. आणि फाईल नाही, फक्त रंग चकाकतोय, असं असेल तर चहा घ्या आणि परत या.

माझी एमजीबी अजून जाहिरातीतच आहे. आज रात्री पुन्हा बघेन म्हणतो.