कर्करोगानंतर कामावर परतणे

कर्करोगावरील उपचारांदरम्यान किंवा ते संपल्यावर रुग्णाने पूर्वीच्या अथवा बदललेल्या कामावर पुन्हा रुजू होणे हा कर्करोग पुनर्वसनाचा एक भाग मानला जातो. उपचार संपणे आणि कार्यक्षमता परत येणे या भिन्न गोष्टी असून त्यांत अनेकदा काही महिन्यांचे अंतर असते. २००९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ३६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कर्करोगातून वाचलेल्यांपैकी ३३.८ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्तींपैकी १५.२ टक्के बेरोजगार आढळले.

== अडचणी ==

थकवा ही सर्वत्र आढळणारी तक्रार आहे. तो विश्रांतीने पुरता जात नाही आणि बाहेरून दिसतही नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना तो कामचुकारपणा वाटू शकतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसीकाग्रंथी काढल्यास हाताला सूज येण्याचा धोका राहतो व ओझी उचलणे कठीण होते. सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी बोटे बधिर झाल्यास शिवणकाम किंवा टंकलेखन अवघड जाते. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या मुखाच्या कर्करोगात उपचारांनंतर तोंड पुरेसे न उघडणे व उच्चार अस्पष्ट होणे संभवते. शिक्षक, बसवाहक किंवा फेरीवाल्याच्या दृष्टीने ही हानी मोठी असते.

सुरुवातीला कमी तास, बैठे काम आणि तपासणीसाठी ठरलेली सुट्टी अशा सवलती उपयुक्त ठरतात.

== कायदेशीर तरतुदी ==

ब्रिटनच्या समानता कायद्यानुसार (२०१०) निदान झाल्यापासूनच कर्करोग दिव्यांगत्व गणला जातो व कामात वाजवी फेरबदल करणे मालकावर बंधनकारक असते. भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात (२०१६) कर्करोगाचा स्वतंत्र समावेश नाही. स्वरयंत्र काढल्याने आलेले कायमचे वाचादिव्यांगत्व त्यात बसते. दीर्घकाळ टिकणारा थकवा बसत नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास वा पदावनत करण्यास कलम २० ने मनाई केली आहे, परंतु ही मनाई शासकीय आस्थापनांपुरती आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगारांना कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के दराने, कमाल दोन वर्षांपर्यंत, विस्तारित आजारपण लाभ मिळतो.

असंघटित कामगार या संरक्षणाबाहेर राहतात. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, बुडालेली मजुरी मिळत नाही. किरणोपचार सहसा आठवड्यातून पाच दिवस, अनेक आठवडे चालतात. रोजंदारीवरील मजुरासाठी त्यातील प्रत्येक दिवस हा खाडा असतो.