लाडबोरी अवकाश-अवशेष घटना (२०२२)

लाडबोरी अवकाश-अवशेष घटना ही २ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात घडली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सायंकाळी आकाशातून जळत आलेल्या वस्तूंपैकी एक मोठे धातूचे कडे लाडबोरी गावात पडले. या वस्तू चिनी प्रक्षेपकाचे अवशेष असल्याचे मानले जाते. घटनेत जीवितहानी झाली नाही.

== घटनाक्रम ==
सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भासह महाराष्ट्राचा मोठा भाग, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून तेजस्वी रेषांचा समूह आकाशातून जाताना दिसला. त्यानंतर लाडबोरी येथे मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे व अंदाजे ४० किलोग्रॅम वजनाचे कडे आढळले. दुसऱ्या दिवशी पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. पुढील काही दिवसांत तालुक्याच्या वनक्षेत्रात असेच आणखी गोळे मिळाले. प्रशासनाने या वस्तू पोलिसांच्या ताब्यात ठेवल्या. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) पथकाने त्याच महिन्यात त्यांची पाहणी केली.

== ओळख ==
त्याच दिवशी सायंकाळी न्यूझीलंडमधून इलेक्ट्रॉन प्रक्षेपकाचे उड्डाण झाले होते. त्यामुळे अवशेष त्याचेच असावेत, असा तर्क प्रारंभी मांडण्यात आला. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मात्र कक्षेच्या नोंदींवरून हा चीनच्या चांग झेंग ३बी प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा असल्याचे सांगितले. या प्रक्षेपकाचे उड्डाण फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले होते. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास तीन मीटर असतो. सापडलेल्या कड्याचे माप त्याच्याशी जुळते.

== शास्त्रीय कारण ==
भूस्थिर उपग्रह सोडल्यानंतर प्रक्षेपकाचा शेवटचा टप्पा लंबवर्तुळाकार कक्षेत फिरत राहतो. कक्षेचा पृथ्वीजवळचा बिंदू विरळ वातावरणातून जात असल्याने प्रत्येक फेरीत त्याची ऊर्जा घटते, कक्षा आकुंचन पावते आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी तो खाली येतो. अशा अनियंत्रित पुनःप्रवेशाचे नेमके स्थळ आधी सांगणे कठीण असते. कक्षेतील वेग सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक असल्याने वेळेच्या अंदाजात एका मिनिटाची चूक झाली तरी स्थळात चारशेहून अधिक किलोमीटरचा फरक पडतो. बहुतेक भाग वातावरणात जळून जातो. वायू साठवणाऱ्या गोलाकार टाक्यांसारखे उष्णतेला टिकणारे भाग मात्र जमिनीपर्यंत पोहोचू शकतात.

== उल्का व अवकाश-कचरा यांतील फरक ==
* उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि सहसा काही क्षणांतच विझते.
* अवकाश-कचरा तुलनेने संथ जातो. तो बराच काळ दिसतो आणि त्याचे तुकडे एकमेकांमागे जवळपास समांतर सरकताना दिसतात.

सापडलेल्या वस्तूत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. त्यामुळे तिला स्पर्श न करता दूर राहून प्रशासनाला कळवणे आवश्यक असते.

== कायदेशीर बाजू ==
१९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशीय वस्तूमुळे भूपृष्ठावर झालेल्या हानीसाठी प्रक्षेपण करणारे राष्ट्र, त्याची चूक सिद्ध न करताही, जबाबदार असते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीयुक्त कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला. त्यानंतर १९८१ मध्ये कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर भरपाई मिळाली.

== महत्त्व ==
लोकवस्तीत तीन मीटरचे कडे पडूनही कोणाला इजा झाली नाही, हा योगायोग होता. प्रक्षेपकाचे टप्पे नियंत्रितपणे समुद्रात उतरवण्याची गरज या घटनेने अधोरेखित केली. अवकाशातील वस्तूंवर लक्ष ठेवण्यासाठी इस्रोने जुलै २०२२ मध्ये बंगळूर येथे स्वतंत्र केंद्र कार्यान्वित केले. या क्षेत्रात गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, रडार अभियांत्रिकी आणि अवकाश कायदा या विषयांच्या अभ्यासकांना संधी आहे. प्रकाशरेषा दिसल्याची वेळ, दिशा आणि कालावधी यांची अचूक नोंद ठेवणारा विद्यार्थीही अशा घटनेच्या अभ्यासात उपयुक्त भर घालू शकतो.