कप्पीवरचा हात

अर्धांगवायू झालेल्या माणसाचा खांदा दुखणारच, असे वर्षानुवर्षे गृहीत धरले गेले. विसाव्या शतकातले उपचार तपासले तर मात्र दिसते की या दुखण्यातला बराचसा भाग टाळता येण्याजोगा होता. तो हात धरण्याच्या, ओढण्याच्या आणि व्यायाम देण्याच्या रीतीतून येत होता. 1959 मध्ये बासमाजियान आणि बझांट यांनी स्नायूंतले विद्युत्संकेत मोजले. सैल लोंबत्या हाताला डेल्टॉइडसारखा मोठा स्नायू तोलत नाही, सांध्याचे वरचे वेष्टन आणि सुप्रास्पायनेटस हा छोटा स्नायू तोलतात, असे त्यांना आढळले. तो स्नायूच लुळा पडला की हाताच्या नुसत्या वजनाने खांदा खाली उतरतो. म्हणून गळ्यात झोळी आली. पण झोळीत हात छातीशी आत वळून राहतो आणि सांधा त्याच स्थितीत आखडतो. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने झोळीवर आक्षेप घेतला, पाठीवरचे खांद्याचे पाते आधी मोकळे करायला शिकवले आणि काखेत ठेवायची गुंडाळी सुचवली. पुढे 2005 च्या कॉक्रेन आढाव्यात झोळीसारख्या आधारांनी खांदा उतरणे वा दुखणे थांबते, असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.

दुसऱ्या टोकाला डोक्यावरची कप्पी होती: चांगल्या हाताने दोर ओढायचा, लुळा हात वर जायचा. 1990 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कप्पी वापरणाऱ्या 62 टक्के रुग्णांना खांदेदुखी जडली. थेरपिस्टने स्वतः हात हलवून व्यायाम दिलेल्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. रुग्ण अवघे 28 होते, तेव्हा एवढ्यावर निवाडा कसा द्यायचा, ही शंका रास्त आहे. पण आकडे सांध्याच्या रचनेशी जुळतात. हात वर जाताना पाते फिरावे लागते आणि दंडाचे हाड बाहेर वळावे लागते. दोराला यातले काहीच करता येत नाही, त्यामुळे मधले मऊ भाग चिमटले जातात. मग हात हलवूच नये का, असे कोणी विचारेल. तसेही नाही, कारण याच अभ्यासात थेरपिस्टने हलवलेले हात बहुतांशी सुखरूप राहिले. ताठरपणामुळे किंवा मेंदूतल्या इजेमुळे होणाऱ्या वेदनेला वेगळे उपचार लागतात, हेही खरे. तरी घरातल्या माणसांच्या हाती एक गोष्ट आजच आहे: रुग्णाला उठवताना लुळा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका; कमरेला आणि पाठीला आधार द्या.