महाराष्ट्रातील अवकाश अवशेष पतन (२ एप्रिल २०२२)

२ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी खानदेश, विदर्भ आणि लगतच्या मध्य प्रदेशाच्या आकाशात एक तेजस्वी प्रकाशरेषा दिसली. तिच्यासोबत चंद्रपूर जिल्ह्यात धातूचे अवशेष कोसळले. सुरुवातीला उल्का समजली गेलेली ही घटना चिनी प्रक्षेपकाच्या निकामी टप्प्याचा वातावरणातील पुनर्प्रवेश असल्याचे मानले जाते.

दर्शन
त्या दिवशी गुढीपाडवा होता. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर तसेच मध्य प्रदेशातील बडवानी, इंदूर आदी भागांतून प्रकाशरेषा पाहिल्याचे वृत्त आले. जळत्या तुकड्यांची रांग समांतर सरकताना अनेकांनी भ्रमणध्वनीवर चित्रित केली. उल्कावर्षाव, विमान अपघात, क्षेपणास्त्र असे अनेक तर्क केले गेले.

अवशेष
चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात गोलाकार टाक्याही सापडल्या. जीवितहानी झाली नाही. स्थानिक प्रशासन व पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या.

तपास
प्रशासनाने कळविल्यानंतर पुढील आठवड्यात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) शास्त्रज्ञांनी चंद्रपूर जिल्ह्यात येऊन अवशेषांची पाहणी केली.

उगमाविषयी दोन शक्यता पुढे आल्या. त्याच सायंकाळी न्यूझीलंडमधून रॉकेट लॅब कंपनीच्या इलेक्ट्रॉन प्रक्षेपकाचे उड्डाण झाले होते. त्यामुळे प्रथम त्याच्याकडे संशय गेला. मात्र इलेक्ट्रॉनचा व्यास सुमारे १.२ मीटर असल्याने तीन मीटरचे कडे त्याच्याशी जुळत नाही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ प्रक्षेपकाच्या (क्रमांक वाय-७७) तिसऱ्या टप्प्याकडे लक्ष वेधले. या टप्प्याचा व्यास तीन मीटर असून त्याचा पुनर्प्रवेश याच सुमारास अपेक्षित होता.

शास्त्रीय स्पष्टीकरण
भूस्थिर उपग्रह सोडणारा टप्पा अतिलंबवर्तुळाकार कक्षेत मागे राहतो. पृथ्वीजवळून जाताना प्रत्येक फेरीत विरळ हवेच्या घर्षणाने त्याची ऊर्जा घटते, कक्षा आक्रसते आणि अखेर तो दाट वातावरणात शिरतो. पुनर्प्रवेशाचा वेग सेकंदाला सुमारे ७ ते ८ किलोमीटर असतो, तर उल्कांचा वेग ११ ते ७२ किलोमीटर असतो. त्यामुळे उल्का बहुधा क्षणार्धात विझते. अवकाश कचरा मात्र क्षितिजाला जवळजवळ समांतर, एक मिनिट किंवा अधिक काळ जळत जाताना दिसतो. ही उंची मोठी असल्याने एकच रेषा शेकडो किलोमीटर अंतरावरील जिल्ह्यांतून दिसू शकते. पातळ पत्रे जळून जातात; उच्च दाबाच्या वायूसाठी बनविलेल्या टाक्या व जाड कडी मात्र जमिनीपर्यंत टिकू शकतात.

कायदेशीर बाजू
१९७२ च्या दायित्व करारानुसार अवकाशीय वस्तूमुळे भूपृष्ठावर झालेल्या हानीस प्रक्षेपण करणारे राष्ट्र पूर्णतः जबाबदार असते. त्यासाठी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. १९७८ मध्ये कॅनडात कोसळलेल्या ‘कॉसमॉस ९५४’ या सोव्हिएत उपग्रहाबद्दल १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे ठरले. १९६८ च्या करारानुसार सापडलेल्या वस्तूची सूचना प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राला व संयुक्त राष्ट्रांना देणे अपेक्षित असते. त्यामुळे अवशेषांची ओळख पटविणे हा केवळ कुतूहलाचा विषय नसून नुकसानभरपाईच्या दाव्याचा आधार ठरतो.

नंतरच्या घडामोडी
मे २०२२ मध्ये गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही धातूचे गोळे कोसळले. जुलै २०२२ मध्ये बंगळूरु येथे अवकाशातील वस्तूंवर देखरेख ठेवणारी इस्रोची प्रणाली राष्ट्राला समर्पित करण्यात आली. अनियंत्रित पुनर्प्रवेशाचे नेमके ठिकाण व वेळ आधी सांगणे अद्याप अवघड आहे, कारण सौर हालचालींनुसार वातावरणाची घनता बदलत राहते. अशी वस्तू आढळल्यास तिला हात न लावता दूर राहून प्रशासनास कळविणे आवश्यक असते, कारण टाकीत घातक इंधनाचे अंश असू शकतात.