तूलूझ-लोत्रेक, आंरी द
(२४ नोव्हेंबर १८६४–९ सप्टेंबर १९०१). पॅरिसमधील रात्रजीवनाचे चित्रण करणारा फ्रेंच उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार व शिलामुद्रणकार. जन्म आल्बी येथे एका सरदार घराण्यात. किशोरवयात दोन्ही मांड्यांची हाडे मोडल्याने पायांची वाढ खुंटली. पॅरिसमध्ये लेआँ बॉना व फेर्नां कॉरमाँ यांच्याकडे शिक्षण घेऊन तो माँमार्त्र भागात राहिला. तेथील नृत्यगृहे, कॅफे, सर्कस व वेश्यागृहे हे त्याचे विषय होत. चित्रकार एद्‌गार दगा आणि जपानी ठसाचित्रे यांचा त्याच्यावर प्रभाव होता. सपाट रंगक्षेत्रे, जोरकस बाह्यरेषा, चौकटीने मध्येच छेदलेल्या आकृती आणि कृत्रिम प्रकाशात हिरवट दिसणारे चेहरे ही त्याची वैशिष्ट्ये. पातळ केलेला तैलरंग तो अनेकदा पुठ्ठ्यावर लावी व पुठ्ठ्याचा मूळ रंग जागोजागी उघडा ठेवी. शिलामुद्रणात ब्रशने रंगाचे तुषार उडवी. ‘मुलँ रूज : ला गुल्यू’ (१८९१) या पहिल्याच भित्तिपत्रकाने तो प्रसिद्धीस आला. झान आव्रील, ईव्हेत गिल्बेर या कलावतींची चित्रे त्याने वारंवार काढली. ‘एल’ (१८९६) या शिलामुद्रणमालिकेत वेश्यांचे दैनंदिन जीवन आहे. त्यात शृंगारापेक्षा थकवाच अधिक दिसतो. जाहिरातीच्या भित्तिपत्रकास कलाप्रकाराचा दर्जा मिळण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मालरोमे येथे त्याचे निधन झाले. आल्बी येथील संग्रहालयात त्याच्या कलाकृतींचा प्रमुख संग्रह आहे.