धम्मदीक्षा आणि राखीव जागा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो पूर्वास्पृश्यांनी बाबासाहेबांसमवेत धम्मदीक्षा घेतली आणि कायद्याच्या दृष्टीने ते अनुसूचित जातींतून बाहेर पडले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जात नसे. १९५६ मध्येच संसदेने त्यात शीख धर्माची भर घातली. बौद्धांना मात्र चौतीस वर्षे थांबावे लागले.

यातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात मंदिरप्रवेशापुरते ‘हिंदू’ या शब्दात बौद्धही धरले आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही त्यांना लागू आहे. म्हणजे विवाहाच्या मंडपात आम्ही हिंदू आणि उमेदवारीच्या अर्जावर अहिंदू!

१९६२ मध्ये नागपुरातील एका राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ती निवड अवैध ठरविली. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. शब्दार्थ म्हणून तो चूक नाही. पण त्यामुळे जो आपला धम्म लपवील त्यालाच राखीव जागा, असा प्रकार झाला. मतदारांचा कौल धर्माच्या रकान्यापुढे हरला.

१९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षण व राज्यसेवेतील सवलती ‘नवबौद्धां’ना दिल्या होत्या, हे खरे. (हा शब्द सरकारी; आम्ही स्वतःस बौद्धच म्हणवितो.) केंद्राच्या नोकऱ्या व राखीव मतदारसंघ मात्र बंदच राहिले. पोटासाठी दाखल्यावर हिंदू आणि घरी बौद्ध, असे दुहेरी जिणे अनेकांच्या वाट्यास आले. त्यांना दोष देण्यास आम्ही धजत नाही. तरीही १९६१ च्या जनगणनेत देशात सुमारे साडेबत्तीस लाखांची नोंद बौद्ध म्हणून झाली. त्यांपैकी सुमारे अठ्ठावीस लाख एकट्या महाराष्ट्रातील होते. १९५१ मध्ये देशातील हा आकडा दोन लाखांच्याही आत होता.

६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी सत्याग्रह केला. भूमिहीनांना जमीन ही त्याची मुख्य मागणी. बौद्धांच्या सवलतींची मागणीही तीत होती. अखेर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या काळात आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द आला. अनुसूचीत नावे मात्र जातींचीच आहेत. त्यामुळे धर्म बौद्ध लिहिणाऱ्यासही दाखल्यासाठी आपली पूर्वीची जात आजही सिद्ध करावी लागते.