रुग्णालयीन मृत्यूनोंदी आणि पचनसंस्था व यकृताचे विकार : धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

एखाद्या जिल्ह्यातील माणसे कोणत्या आजाराने दगावतात, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात निजामी राजवट, मुक्तिसंग्राम, दुष्काळ आणि १९९३ चा भूकंप या विषयांना योग्य ते स्थान मिळाले. त्या मानाने सर्वसामान्य माणसाच्या आजारपणाचा व मरणाचा इतिहास दुर्लक्षित राहिला. या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे रुग्णालयात झालेल्या मृत्यूंची कारणवार आकडेवारी होय. या आकडेवारीत ‘पचनसंस्थेचे विकार’ असा एक स्वतंत्र रकाना असतो व यकृताच्या विकारांचा समावेशही त्यातच होतो.

प्रस्तुत लेखात या एका रकान्याचा विचार केला आहे. जिल्ह्यात पोटाचे व यकृताचे आजार वाढले की घटले, हे ठरविण्यासाठी अभ्यासक व नियोजनकर्ते या आकड्यांचा आधार घेतात. तथापि, हा आकडा जिल्ह्याची बदललेली सीमा, रोगाचे वर्गीकरण आणि मृत्यूचे ठिकाण या तीन गोष्टींनी घडलेला आहे. त्या ध्यानात घेतल्याशिवाय त्यावरून रोगाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. लेखाची मांडणी प्रचलित कायदे, रोगांची वर्गीकरणे व प्रकाशित संशोधन या दुय्यम साधनांवर आधारलेली आहे.

जिल्ह्याची बदलती सीमा

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. अवघ्या बारा वर्षांत शासनव्यवस्था तीनदा बदलली. देशभरासाठी एकसूत्री नोंदणीची तरतूद करणारा जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला. त्यापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

दुसरी अडचण भौगोलिक आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हा मोठा भूभाग उस्मानाबादपासून वेगळा झाला. त्यामुळे १९८२ पूर्वीचा व नंतरचा ‘उस्मानाबाद’ हे नाव एक असले तरी लोकसंख्या एक नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. ती आजच्या आठ तालुक्यांची आहे. १९८२ च्या सुमारास एखाद्या आजाराचे आकडे एकदम खाली आलेले दिसले, तर ते रोगनियंत्रणाचे यश समजण्यापूर्वी नकाशा पाहणे आवश्यक आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले. सलग आकडेवारी शोधणाऱ्यास यापुढे दोन्ही नावांखाली शोध घ्यावा लागेल.

रोगाचे नाव आणि रकाना

मृत्यूच्या कारणांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १८९३ मध्ये बर्टिलाँ यांनी मांडले. १९४८ पासून त्याची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. त्याची दहावी आवृत्ती १९९० मध्ये स्वीकारली गेली. या आवृत्तीच्या अकराव्या प्रकरणात पचनसंस्थेचे विकार असून त्यातील ‘के ७०’ ते ‘के ७७’ हे संकेतांक यकृताच्या विकारांसाठी आहेत.

वाचकाला वाटते, पोटाचा प्रत्येक आजार येथेच येत असावा. प्रत्यक्षात तसे नाही. पटकी, हगवण व अतिसार हे संसर्गजन्य रोग म्हणून पहिल्या प्रकरणात जातात. विषाणूमुळे होणारी कावीळ ‘बी १५’ ते ‘बी १९’ या संकेतांकांखाली, म्हणजे तीही पहिल्या प्रकरणातच जाते. यकृताचा कर्करोग ‘सी २२’ म्हणून दुसऱ्या प्रकरणात मोडतो. अठराव्या प्रकरणात केवळ लक्षणे नोंदविली जातात. डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर कारण म्हणून नुसते ‘कावीळ’ लिहिले तर तो मृत्यू ‘आर १७’ म्हणून, आणि नुसते ‘जलोदर’ लिहिले तर ‘आर १८’ म्हणून या अठराव्या प्रकरणात जमा होतो. एकाच यकृताने घेतलेला बळी अशा रीतीने चार निरनिराळ्या प्रकरणांत विखुरला जाऊ शकतो.

रुग्णालयातील मृत्यूसाठी भरावयाच्या नमुना क्रमांक ४ मध्ये तात्काळ कारण, त्यामागील कारण व मूळ कारण अशी उतरंड असते. सांख्यिकीत मूळ कारण मोजले जाणे अपेक्षित आहे. ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ ही मरणाची अवस्था असून मरणाचे कारण नव्हे, अशी स्पष्ट सूचना असूनही तसे लिहिले गेल्यास रोगाचे नावच नोंदीतून नाहीसे होते.

मद्यपानाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. मद्यजन्य यकृतविकारासाठी ‘के ७०’ हा स्वतंत्र संकेतांक आहे. परंतु दारूचा उल्लेख टाळून ‘यकृत निकामी होणे’ एवढेच लिहिले, तर तो मृत्यू ‘के ७२’ मध्ये जातो. एकूण बेरीज बिघडत नाही. पण कारण हरवते. कुटुंबाची अब्रू राखण्याच्या भावनेतून घडणारी ही गोष्ट समजण्याजोगी असली, तरी तिचा परिणाम असा की, गावातील दारूच्या प्रश्नाचा सर्वांत कठोर पुरावा कागदावर येत नाही. वास्तविक मृत्यू अहवालाच्या नमुना क्रमांक २ मधील सांख्यिकी भागात धूम्रपान, तंबाखू, सुपारी व मद्यपान यांची सवय किती वर्षे होती, असे प्रश्न विचारलेले आहेत. ते काळजीपूर्वक भरले व नमुना क्रमांक ४ शी जोडून वाचले, तर हरवलेले कारण परत मिळू शकते.

मृत्यूचे ठिकाण

कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत या साध्या नियमाचा परिणाम मोठा आहे. सोलापूर येथे १९६३ मध्ये, अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये आणि लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. धाराशिव येथे मात्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. त्यामुळे दीर्घकाळ जिल्ह्यातील गंभीर रुग्णास शेजारच्या जिल्ह्याचा रस्ता धरावा लागला. तुळजापूरचा रुग्ण सोलापूरला, परांडा-भूमचा बार्शीला, कळंबचा अंबाजोगाई वा लातूरला जाणे स्वाभाविक होते. रक्ताची उलटी झालेला यकृताचा रुग्ण किंवा आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण हा नेमका अशा प्रकारचा गंभीर रुग्ण होय. तो वाटेत वा तेथे पोहोचून दगावला, तर मृत्यूची भर दुसऱ्या जिल्ह्याच्या आकड्यात पडते.

याउलट, ‘आता काही उपयोग नाही’ असे समजून घरी परत नेलेला रुग्ण रुग्णालयीन आकडेवारीतून पूर्णपणे निसटतो. जलोदराने पोट फुगलेली, परंतु कधीच रुग्णालयात न पोहोचलेली स्त्री यांपैकी कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तिच्या मृत्यूची नोंद होते, पण प्रमाणित कारणाशिवाय. देशात २०२० मध्ये नोंदविलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. जिल्ह्यातील रुग्णालयात नोंदलेले यकृतविकाराचे मृत्यू कमी असणे हे निरोगीपणाचे लक्षण असू शकते, तसेच ते उपचारांच्या अभावाचेही लक्षण असू शकते. केवळ आकड्यावरून या दोहोंत फरक करता येत नाही.

गावात जाऊन केलेली नोंद : बार्शीचा दाखला

या मर्यादेवर उपाय नाही असे नाही. त्याचा दाखला याच परिसरात आहे. १९८७ मध्ये बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके, एकूण ३४६ गावे होती. डॉ. बी. एम. नेने व डॉ. कस्तुरी जयंत यांचे कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे.

शहरातील नोंदणी रुग्णालयांतील कागदपत्रांवर चालू शकते. ग्रामीण भागात रुग्ण रुग्णालयात येतच नसल्यामुळे ती पद्धत अपुरी पडते. म्हणून येथील क्षेत्रीय कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशयित रुग्णांना तपासणीस येण्यास प्रवृत्त केले. अन्ननलिका, जठर व यकृत यांच्या कर्करोगाची ग्रामीण नोंद त्यामुळे शक्य झाली. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता व त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या जिल्ह्यातील खेड्यांत आजार व मृत्यू यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. जे कर्करोगाबाबत शक्य झाले, ते यकृताच्या अन्य विकारांबाबत अशक्य मानण्याचे कारण नाही.

घरापर्यंत पोहोचलेले संशोधन : पुण्याचा दाखला

दुसरा दाखला यकृताचाच, परंतु पुण्याचा आहे. एके काळी भारतात लहान मुलांना यकृत कठीण होण्याचा एक जीवघेणा विकार होत असे. रुग्णालयांत अशा बालमृत्यूंची नोंद होत होती, पण नोंदीतून कारण कळत नव्हते. १९८० च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. टॅनर यांनी मुलांच्या आहाराची चौकशी घरापर्यंत नेली. पितळी भांड्यात तापविलेल्या व साठविलेल्या दुधात तांबे उतरते आणि ते बाळाच्या यकृतात साचते, याकडे त्यांच्या संशोधनाने लक्ष वेधले. स्टेनलेस स्टीलची भांडी रूढ होत गेली, तसा हा विकार दुर्मिळ झाला. रुग्णालयाने मृत्यू मोजला. त्याचा उलगडा मात्र स्वयंपाकघरातील दुधाच्या भांड्यात झाला.

निष्कर्ष व शिफारशी

१) पचनसंस्था व यकृताच्या विकारांचे रुग्णालयीन मृत्यू हे जिल्ह्यातील प्रत्यक्ष मृत्यूंचे केवळ अंशतः दर्शन घडवितात.

२) १९८२ पूर्वीच्या आकड्यांची नंतरच्या आकड्यांशी तुलना करताना तालुकावार फेरमांडणी करणे अनिवार्य आहे.

३) यकृतविकारांचा अभ्यास करताना पचनसंस्थेच्या रकान्याबरोबरच विषाणुजन्य कावीळ, यकृताचा कर्करोग व लक्षणवाचक नोंदी एकत्र वाचाव्यात.

४) मृत्यू अहवालात मृताच्या निवासाचे गाव नोंदविले जाते. सोलापूर, लातूर व बीड जिल्ह्यांतील नोंदींची निवासस्थानानुसार विभागणी केल्यास धाराशिव जिल्ह्याचे हरवलेले मृत्यू सापडू शकतील.

५) महाविद्यालयातील इतिहास, समाजशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी संयुक्तपणे एखाद्या गावातील मृत्यू नोंदवहीचा अभ्यास हाती घ्यावा. घरी झालेल्या मृत्यूंबाबत कुटुंबीयांशी संवेदनशीलपणे बोलून माहिती घेता येईल. त्यात गोपनीयतेची काळजी घेणे हे संशोधकाचे कर्तव्य राहील.

आरोग्यासाठीचा निधी, डॉक्टरांची पदे व औषधांचा पुरवठा आकड्यांकडे पाहून ठरतो. जो मृत्यू रकान्यात येत नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. म्हणूनच मृत्यूच्या नोंदवहीचे चिकित्सक वाचन हे इतिहासाच्या अभ्यासकाचे सामाजिक दायित्व ठरते.